शाळेतला समुपदेशक, बाहेरचा तज्ज्ञ की हेल्पलाइन? हायस्कूलमधल्या मुलासाठी आधार निवडताना

नववी-दहावीची वर्गशिक्षिका म्हणून पालकांच्या भेटीगाठी आता अंगवळणी पडल्या आहेत. सगळे निघून गेल्यावर एखादी आई मागे रेंगाळते, पिशवी या हातातून त्या हातात करते आणि हळूच विचारते, "मॅडम, हा घरात कुणाशी बोलतच नाही हो. कुणाला दाखवू याला?" तिच्या मनात डॉक्टर असतो. खरं तर तिच्यासमोर निदान चार वाटा असतात: शाळेतला समुपदेशक, बाहेरचा मानसशास्त्रज्ञ, हेल्पलाइन आणि शाळेतले गट-उपक्रम. त्यांची तुलना करताना फी, अंतर, पदव्या हे सगळं पाहावंच. पण मी आधी एक प्रश्न विचारते: मूल तिथे दुसऱ्यांदा जाईल का? पहिल्यांदा ते आपण सांगतो म्हणून जातं. दुसऱ्यांदा जातं ते स्वतःहून.

एक गोष्ट मात्र तुलनेच्या आधीची. मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल किंवा जवळच्या वस्तू वाटून टाकत असेल, तर आढावे वाचत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय किंवा आपत्कालीन सेवा गाठा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरीच मुलं मोकळी होतात.

शाळेतला समुपदेशक

याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तो मुलाच्या रोजच्या जगात असतो. कोण कुणाला चिडवतं, कोणत्या तासाला मुलाच्या पोटात दुखायला लागतं, कोणत्या बाकावर बसायला ते नाखूश असतं, हे त्याला दिसतं किंवा चौकशी केली की कळतं. तो शिक्षकांशी बोलू शकतो, तुकडी बदलून देऊ शकतो, परीक्षेच्या काळात सवलत मिळवून देऊ शकतो. बाहेरचा तज्ज्ञ कितीही निष्णात असला तरी हे त्याच्या हातात नसतं. चिडवाचिडवी, मैत्रीतली फाटाफूट, अभ्यासाचा ताण, नव्या शाळेत न रुळणं, अशा अडचणींसाठी मी आधी इथेच पाठवते.

उणी बाजू दोन गोष्टींची. पहिली वेळेची. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकाच माणसावर याच्या कितीतरी पट मुलं असतात. शिवाय वेळापत्रक, करिअर मार्गदर्शन, कार्यक्रमांची कामं त्याच्याच गळ्यात. त्यामुळे "समुपदेशक आहेत का?" एवढं विचारून थांबू नका. "माझ्या मुलाला दर आठवड्याला ठरलेली वेळ मिळेल का?" असं विचारा.

दुसरी गोष्ट दाराची. आमची समुपदेशनाची खोली पूर्वी स्टाफरूमला लागून होती. एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत त्या दाराशेजारच्या नोटीस बोर्डासमोर उभी राहायची. बोर्डावर महिनाभर तीच एक सूचना, कडा पिवळ्या पडलेली. ती मन लावून वाचल्यासारखं करायची, स्टाफरूममधून कुणी बाहेर आलं की चालू लागायची. पुढे खोली वाचनालयामागे हलली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती आत गेली. तेव्हापासून मी पालकांना सांगते, शाळेत गेलात की समुपदेशनाची खोली कुठे आहे ते स्वतः चालत जाऊन बघा. आत जाणारं मूल कुणाकुणाला दिसतं, तेही बघा.

इथे बिहारमधल्या एका अभ्यासाची आठवण होते. शाळांमध्ये एकच आधार-कार्यक्रम काही ठिकाणी शिक्षकांनी राबवला आणि काही ठिकाणी त्यासाठीच नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. समुपदेशक होते तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांनी राबवला तिथे तसा परिणाम दिसला नाही. शिक्षिका म्हणून मला हे लागलं, पण पटलंही. ज्या हाताने गुण पडतात त्या हाताशी मूल मन मोकळं करायला कचरतं. "क्लास टीचर आहेत की, त्यांच्याशी बोल" एवढ्यावर शाळा भागवत असेल, तर तिच्याकडे समुपदेशन सेवा आहे असं मी म्हणणार नाही.

बाहेरचा मानसशास्त्रज्ञ

उदासपणा, चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, आवडीच्या गोष्टी सुटणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडू लागलं, तर शाळेतल्या अर्ध्या तासावर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमध्ये एकाला मानसिक आजार असतो. तेव्हा "आपल्याच घरी हे कसं?" असं म्हणून खाली मान घालायचं काही कारण नाही.

इथे काम सखोल चालतं. विचार, भावना आणि वागणूक यांचा धागा उलगडणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही पद्धत अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. किशोरवयीन मुलांची चिंता आणि नैराश्य यांवर ती भरपूर तपासली गेली आहे. साधारण दर आठवड्याला पाऊण ते एक तास, असं काही महिने चालतं आणि मधल्या दिवसांत घरी करायचा सराव असतो. औषधांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे, म्हणजे वैद्यकीय डॉक्टरकडे जावं लागतं. ही दोन माणसं बहुतेकदा वेगळी असतात, हे अनेक पालकांना माहीत नसतं.

शाळेला काही कळत नाही, हा इथला मोठा फायदा. घरातलं भांडण, आईवडिलांचं वेगळं होणं, स्वतःच्या शरीराबद्दलचे किंवा लैंगिकतेबद्दलचे प्रश्न शाळेच्या आवारात काढायला मुलं घाबरतात. ती इथे बोलतात.

तोटा म्हणजे सगळी भिस्त मोठ्या माणसांवर. वेळ आपण घ्यायची, फी आपण भरायची, नेणं-आणणं आपलं. आणि परतीच्या वाटेवर "मग, काय काय बोललास?" हेही आपलंच. एवढा एक प्रश्न टाळला तर निम्मं काम होतं. मुलाला परत यायचं असेल तर त्या खोलीतलं बोलणं त्याचं राहिलं पाहिजे. तज्ज्ञाने पहिल्याच भेटीत मुलादेखत सांगावं, की जिवाला धोका किंवा अत्याचार अशी गोष्ट असेल तर मी आईबाबांना किंवा योग्य यंत्रणेला कळवेन आणि एरवी नाही. हे न सांगणारा तज्ज्ञ मला खटकतो.

उपचार लागू पडण्यात मूल आणि तज्ज्ञ यांचं जमणं फार मोलाचं असतं. तीन-चार भेटींनंतरही मूल आक्रसूनच बसत असेल तर तज्ज्ञ बदला. त्यात कुणाचा अपमान नाही.

हेल्पलाइन आणि चॅट

१९५३ मध्ये लंडनमध्ये चाड व्हारा या धर्मगुरूंनी जीव देण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच पुढे समॅरिटन्स झाली. खास मुलांसाठीची चाइल्डलाइन ब्रिटनमध्ये १९८६ साली आली. अमेरिकेने जुलै २०२२ पासून संकटकाळासाठी ९८८ हा तीन आकडी क्रमांक ठेवला, त्यावर मेसेज आणि चॅटही चालतं. हे माध्यम बदलणं मुलांसाठी फार महत्त्वाचं आहे. भिंतीपलीकडे आईबाबा झोपलेले असताना मूल फोनवर बोलू शकत नाही, पण टाइप करू शकतं.

रात्री दोन वाजता, कुणाची परवानगी न घेता, चेहरा न दाखवता कुणाशी तरी बोलता येणं या बाबतीत बाकीच्या तीन वाटा हेल्पलाइनच्या जवळपासही येत नाहीत. दुसऱ्यांदा जाण्याच्या कसोटीवर मात्र ती कमी पडते, कारण पलीकडे बहुधा दर वेळी नवा माणूस आणि सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. तातडीच्या क्षणी ती जीव सावरते. महिनोन् महिन्यांचा उपचार तिच्याकडून होत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. मुलाला नंबर देण्याआधी स्वतः चौकशी करा: रात्रभर चालू असते का, मुलाच्या भाषेत बोलतात का, चॅट आहे का.

चॅटबॉट मी या रांगेत धरलेला नाही. मूल गप्प झालं तर काळजीने पुढचं पाऊल उचलणारा माणूस तिथे नसतो.

गट-उपक्रम

भावना ओळखणं, त्या आवरणं, दुसऱ्याची बाजू समजून घेणं, नाती सांभाळणं, विचारपूर्वक निर्णय घेणं हे वर्गात शिकवणारे कार्यक्रम अनेक शाळा चालवतात. २०११ च्या एका मोठ्या विश्लेषणात अशा २१३ कार्यक्रमांचा आणि २,७०,००० हून जास्त विद्यार्थ्यांचा आढावा घेतला होता. त्यात वागणुकीबरोबर अभ्यासातही फरक दिसला. उलट, ब्रिटनमध्ये ८,००० हून जास्त विद्यार्थ्यांवर ध्यानाधारित माइंडफुलनेसचे वर्ग तपासले गेले. २०२२ मध्ये आलेल्या त्या निकालांत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा ते सरस ठरले नाहीत. शाळा जाहिरातीत असं काही मिरवत असेल तर आनंद आहे, पण आधीच त्रासात असलेल्या मुलाला त्यावर सोडू नका. समवयस्क मदतनीसांचे गट असतील तर एवढंच विचारा, की कुणी जीव देण्याची गोष्ट काढली तर पंधरा वर्षांच्या त्या मदतनीसाने कुणाकडे जायचं? त्याचं उत्तर शाळेकडे तयार नसेल तर एका मुलाचं ओझं दुसऱ्या मुलाच्या खांद्यावर जातं.

मग त्या आईला मी काय सांगते? त्रास शाळेतला असेल तर शाळेतच सुरुवात करा. जुना, खोल किंवा घरातला असेल तर बाहेर जा, आणि मूल "हो" म्हणालं तरच शाळेला त्यात घ्या. हेल्पलाइनचा नंबर दोन्ही बाबतींत मुलाच्या फोनमध्ये असू द्या.

आणि मूल कुठेच जायला तयार नसेल तर आधी तुम्ही जा. एकट्या. बरेच तज्ज्ञ फक्त पालकांनाही भेटतात आणि घरात कसं बोलावं, काय बोलू नये हे समजावून सांगतात. नंतर मुलाला "जायचंय का?" असं विचारू नका, त्यावर "नाही" ठरलेलं आहे. त्यापेक्षा ताई हव्यात की दादा, समोरासमोर की व्हिडिओवर, कोणता वार, हे त्याला निवडू द्या. त्याचा खेळाच्या सरावाचा दिवस मात्र तेवढा सोडा.