कॉलेजचा एफएम : आवाज आपला, पण डोंगराअलीकडचाच

मी तालुक्याच्या गावात ब्लाऊज शिवते. मशीनशेजारी रेडिओ, आणि गेली चार वर्षं त्यावर आमच्या कॉलेजचंच स्टेशन. एका दुपारी दुसऱ्या वर्षाच्या पोरीनं स्वतःच्या आजीला माईकपुढं बसवलं होतं. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणता म्हणता थांबली, "पाणी दे गं बाई" म्हणाली, आणि पोरीनं ते कापलं नाही. माझ्या हातातलं हुक लावायचं तसंच राहिलं. असं दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर मी ऐकलं नाही.

माझं माहेर बालाघाटाच्या डोंगरापलीकडं, जेमतेम नऊ किलोमीटर. तिथं नुसती खरखर. भाऊ आईसाठी पाण्याच्या टाकीवर चढून रेडिओ उंच धरतो, तेव्हा कुठं चार शब्द कळतात. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं : अशा सामुदायिक रेडिओ स्टेशनला ट्रान्समीटर 50 वॅटचा, अँटेना लहर एकवटते म्हणून तिच्यातून निघणारी परिणामी ताकद जास्तीत जास्त 100 वॅट, आणि खांब 30 मीटरपर्यंतच. सपाटीवर पाच-दहा किलोमीटर ऐकू येतं. पण एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की संपलं. खास कारण दाखवलं तर ही परिणामी ताकद 250 वॅटपर्यंत मागता येते. मग मागा की! डोंगराएवढं दुसरं कारण कोणतं?

खरा राग मात्र मागच्या हिवाळ्याचा. पाच वर्षांची मुदत संपली, कॉलेजनं नूतनीकरणाचा अर्ज उशिरा केला. माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी वेगळी, लहरी वापरायचा वायरलेसचा परवाना वेगळा. अडीच महिने रेडिओ मुका. नेमके ऊसतोडीचे दिवस. आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडं, घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. नळाला पाणी कधी येणार, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख कोणती, हे कॉलेजची पोरं रोज सांगायची. माझ्या शेजारच्या आजीला वाचता येत नाही. तिच्या नातवाचा फॉर्म राहिला.

2024 च्या नव्या नियमांत पहिली परवानगी दहा वर्षांची केलीय, जाहिरातीही तासाला 12 मिनिटं घेता येतात. माझ्या दुकानाची जाहिरात मी देणार आहे.

पाचपैकी चार तारे. कॉलेजात जाऊन मुदतीची पुढची तारीख विचारली, मापांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली. त्याच्या सहा महिने आधी मी पुन्हा जाणार, अर्ज केला का ते विचारायला.