बॉब डिलनचा पहिला अल्बम: उन्हाळा काढल्यावरचं मत

हा अल्बम सलग ऐकायच्या भानगडीत पडू नका. मार्च १९६२ मध्ये 'बॉब डिलन' याच नावाने आलेल्या, या अमेरिकन गायक-गीतकाराच्या रेकॉर्डवर १३ गाणी आहेत, ३७ मिनिटांच्या आत आटोपतात, आणि त्यातली जेमतेम निम्मी मी आता मन लावून ऐकतो. ती निम्मी मात्र सुटत नाहीत.

हिवाळ्यात हेडफोनवर ऐकताना आधी रेकॉर्डिंगचा कच्चेपणा खटकला. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कला दोन बैठकांत सगळं उरकलेलं. निर्माते जॉन हॅमंड यांचीच तक्रार होती की हा प्रत्येक 'प' माइकवर फोडतो, 'स'चा फुसकारा करतो आणि गाता गाता माइकपासून भलतीकडे सरकतो. नागपुरात मे लागला, कूलर सुरू झाला आणि ही कटकट मिटली. कूलरच्या घरघरीत गिटार अर्धी बुडते, हार्मोनिका मात्र आरपार येते. ती गळ्यातल्या स्टँडवर, दोन्ही हात गिटारवर, त्यामुळे ओळी संपल्या की जेवढी फट सापडेल तेवढ्यात वाजवून घेतो.

वीस वर्षांचा पोट्टा आणि गातो काय, तर मरणाची गाणी! जुन्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गायकांचा घोगरा आवाज काढायचा सोस दिसतो. ब्लाइंड लेमन जेफरसनचं 'सी दॅट माय ग्रेव्ह इज केप्ट क्लीन' त्याला पेलतं. 'फिक्सिन टु डाय'मध्ये नाटक जास्त होतं. 'गॉस्पेल प्लाऊ' आणि 'प्रिटी पेगी-ओ' मी सरळ पुढे ढकलतो. 'फ्रेट ट्रेन ब्लूज'मध्ये दम संपेस्तोवर ताणलेला स्वर पहिल्यांदा मजेदार वाटतो, नंतर तोच छळतो. 'हाऊस ऑफ द रायझिन सन' उत्तम, पण ती मांडणी लोकगायक डेव्ह व्हॅन रॉंकची, न विचारता उचललेली.

स्वतः लिहिलेली गाणी दोनच. 'टॉकिन न्यूयॉर्क'मध्ये थंडीत शहरात आलेल्या, कॉफीहाऊसवाल्यांनी गावंढळ म्हणून हाकललेल्या पोराची टिंगल आहे, तीही स्वतःचीच. आणि 'साँग टु वुडी'. हे गाणं आजारी अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीला उद्देशून आहे, आणि त्याची चालही गथ्रीच्याच '१९१३ मॅसेकर'ची. यावर कोणी नाक मुरडेल, पण खंजिरी भजनं आणि भीमगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवण्याचं काय नवल? शब्दांत दम हवा, आणि इथे तो आहे. शेवटी तो म्हणतो, मीही खडतर वाटा तुडवल्यात असं सांगायची माझी मुळीच इच्छा नाही. बाकी अल्बमभर म्हातारा झालेला हा पोरगा इथे स्वतःच्या वयाचा होतो, आवाजही चढवत नाही.

पहिल्या वर्षी जेमतेम ५,००० प्रती खपल्या म्हणतात. ऐकायचाच तर या दोन गाण्यांपासून सुरू करा, आणि नाहीच जमलं तर १९६३ चा दुसरा अल्बम घ्या. तिथे जवळजवळ सगळं त्याचं स्वतःचं आहे. याला माझ्याकडून पाचपैकी तीन, त्यातला दीड एकट्या 'साँग टु वुडी'चा.