निळ्या सिलिंडरात नायट्रस नव्हता

डिझेल पिकअपला नायट्रस किट, म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून ताकद वाढवणारं किट, बसवून देतो असं कुणी म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. नागपुरातल्या एका गॅरेजवाल्याने मला असाच एक निळा सिलिंडर बसवून दिला आणि ४२ हजार रुपये घेतले. त्या सिलिंडरात नायट्रस ऑक्साइड नव्हताच, कार्बन डायऑक्साइड होता. पैसे गेले याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा आहे की तो सिलिंडर त्याने सीटमागे, बंद केबिनमध्ये बसवला.

माझी गाडी हंगामात काटोलकडून संत्रा घेऊन कळमन्याला येते, एरवी छिंदवाड्याकडे माल नेते. सौंसरच्या पुढे सातपुड्याचा चढ लागला की भरलेली गाडी दमते. गॅरेजवाल्याने नेमकं तेच हेरलं. "भाऊ, बटन दाबलं का घाटात गाडी उडन. मायलेजबी वाढन. हॉस्पिटलला देतात तोच गॅस आहे, घाबरायचं काम नाही." बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर 'किट फिटिंग' एवढंच लिहून दिलं.

बटण दाबल्यावर गाडी उचलायच्या ऐवजी मागे ओढल्यासारखी झाली आणि सायलेन्सरमधून काळा धूर आला. परत गेलो तर म्हणे, "इंजिन सेट होऊन राहिलं, थोडे दिवस चालू द्या." पुन्हा गेलो तर जेट (वायू सोडणारी बारीक तोटी) बदलायचे म्हणून आणखी पैसे मागितले.

आमच्या गल्लीत रसायनशास्त्र शिकवणारे एक सर राहतात. त्यांना धुराचं सांगितल्यावर त्यांनी नळीतून थोडा वायू फुग्यात घेतला आणि मोकळ्या अंगणात काचेच्या बरणीत सोडला. पेटती उदबत्ती आत धरली. नायट्रसमध्ये ती भडकायला हवी, इथे ती तत्क्षणी विझली. मग चुन्याच्या निवळीतून वायू सोडला, निवळी दुधाळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. विषय संपला. सिलिंडर खरवडून पाहिला तर निळ्या रंगाखाली लाल रंग निघाला, म्हणजे आग विझवायचा सिलिंडर. नायट्रसच्या वैद्यकीय सिलिंडरचा रंग निळा असतो, एवढं त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं.

ही बनवाबनवी सहज खपते, कारण दोन्ही वायूंचा रेणुभार ४४ आहे. दोन्ही रंगहीन, दोन्ही दाबाखाली सिलिंडरात द्रवरूप राहतात, मीटरवर दाबही साधारण सारखाच दिसतो. वजन करून किंवा मीटर बघून ओळखू येत नाही. इंजिनाला मात्र फरक लगेच कळतो. नायट्रसचा रेणू सुमारे ३०० अंशांना फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा करतो. त्याच्या वजनात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३ टक्के. कार्बन डायऑक्साइड काहीच देत नाही, उलट हवेची जागा अडवतो. डिझेल अर्धवट जळतं, म्हणून तो काळा धूर.

आता समजा सिलिंडरात खरा नायट्रस असता, तरी रोज धंद्यावर चालणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग होता? नायट्रस स्वतः इंधन नाही. जादा ऑक्सिजनसोबत जादा इंधन दिलं तरच ताकद वाढते, मग मायलेज वाढणार कुठून? डिझेल इंजिनात हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते. कंपनीच्या सेटिंगवरची, धूर न सोडणारी गाडी असेल तर नायट्रसने फारसं काही होत नाही. शिवाय शंभर अश्वशक्ती वाढवणाऱ्या किटला साडेचार किलोची बाटली दोन मिनिटंही जेमतेम पुरते. शर्यतीतल्या काही सेकंदांसाठीची ही वस्तू आहे, छिंदवाड्याच्या घाटासाठी नाही. पेट्रोल गाडीत इंधन कमी पडलं किंवा इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतलं नाही, तर पिस्टन वितळतो. म्हणून चांगल्या किटमध्ये पूर्ण रेस दिल्यावरच चालू होणारा स्विच, कमी आरपीएमला वायू रोखणारा स्विच आणि इंधनाचा दाब घसरला की बंद करणारा स्विच असतो. माझ्या किटमध्ये नुसतं एक बटण होतं.

नागपूरच्या उन्हाचं तर गॅरेजवाल्याने नावही काढलं नाही. २१ अंशांना नायट्रसच्या सिलिंडरात सुमारे ५० बार दाब असतो. ३६.४ अंशांच्या वर त्याचा द्रव उरतच नाही, दाब झपाट्याने चढतो. कार्बन डायऑक्साइडची ही मर्यादा ३१ अंशांवरच येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं केबिन त्याहून कितीतरी तापतं. दाब सोडणारी चकती फुटली तर वायू बाहेर नेणारी नळी लागते, ती बसवलीच नव्हती. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड झाला तरी जिवाला धोका असतो. माझा पोरगा त्याच सीटवर दुपारी झोपायचा.

असा दाबाखालचा सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो आणि ते नियम पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. एका वायूचा सिलिंडर रंग फासून दुसऱ्या वायूचा म्हणून विकता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. कलम १८२अ खाली मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ही जोखीम गॅरेजवाल्याने मला सांगितली नाही.

मी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. गाडी स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवणाराही ग्राहकच असतो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रारीची मुदत २ वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारता येतं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि गॅरेजवाल्याचे मेसेज जपून ठेवा. असा निळा सिलिंडर आणखी कुणाच्या केबिनमध्ये असेल, तर त्यांनी काचा उघडून, व्हॉल्व्ह बंद करून तो आजच बाहेर काढावा, सावलीत उभा बांधून ठेवावा आणि परवानाधारक गॅसवाल्याकडूनच रिकामा करून घ्यावा.