वेब्ली की कोल्ट? .32 साठी एकच जागा असेल तेव्हा

रिव्हॉल्व्हरच्या शौकिनाला स्वप्न विचारा, .455 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इथे इंचात) वेब्ली मार्क 6 चं नाव हमखास निघतं. पण .455 आणि .380 ची लष्करी काडतुसं घेणारी रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकांना बंदी असलेल्या वर्गात मोडतात, साध्या परवान्यावर ती मिळत नाहीत. शिवाय शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या परवान्यावर दोनच बंदुका. सोलापूरकडे त्यातली एक जागा बहुतेकदा बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीने अडवलेली असते. उरलेल्या जागेसाठी खरी चुरस दोन जुन्या .32 मध्ये आहे: बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट मार्क 4 आणि अमेरिकेचं कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह.

देखणेपणात कोल्ट पुढे, यात वाद नाही. चाप दाबताना चक्र जागच्या जागी घट्ट बसतं, तो घट्टपणा वेब्लीत नाही. पण दुखणंही तिथेच आहे. कोल्टमध्ये चक्र फिरवणारा हँड चाप दाबलेला असेपर्यंत चक्रावर जोर देत राहतो, म्हणून तो झिजतो आणि टायमिंग, म्हणजे घर नळीसमोर वेळेत येऊन अडकणं, मागे पडतं. पाहायला सोपं आहे. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करा, चक्रावर अंगठ्याचा हलका अडसर ठेवा आणि घोडा सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढण्याआधी चक्र अडवणारी खिट्टी त्याच्या खाचेत पडल्याचा आवाज आला पाहिजे, तोही काडतुसांच्या सहाच्या सहा घरांना. एका घरालाही उशीर झाला तर गोळी नळीच्या मागच्या तोंडाशी कड घासून जाते आणि चक्र व नळीमधल्या फटीतून शिशाचे कण उडतात. नवा हँड मिळवणं कठीण, आणि जुना ठोकून लांबवणारा हात आपल्या भागात सहज सापडत नाही. माझं मन कोल्टवरून उडालं ते एवढ्यासाठीच.

कोल्टची आणखी एक खोच आहे. नळीवर ‘.32 पोलीस’ कोरलेलं असेल तर .32 स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस चालतं. काही नग मात्र .32 लाँग कोल्ट या वेगळ्या काडतुसाचे आहेत, त्यांच्या घरात हे काडतूस शिरतच नाही.

वेब्लीही निर्दोष नाही. ती बिजागरीवर नळी खाली मोडून उघडते. सावकाश उघडली की झाडलेल्या काडतुसाचं रिकामं खोकं एक्स्ट्रॅक्टरच्या (खोकी बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली अडकतं आणि नळी बंद होत नाही. झटक्यात, पूर्ण आणि कुशीवर वळवून उघडली की हा त्रास सहसा होत नाही. घेताना नळी आणि मूठ धरून आडवी हलवून पाहा. बिजागरीत खडखड जाणवली तर सोडून द्या. बाकी कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर याच घराण्यातलं असल्यामुळे कारागिराला आतली रचना सवयीची असते.

सोलापूरची कोरडी हवा पोलादाला मानवते. तरी चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं. घराशेजारी यंत्रमाग असेल तर तेल अगदी पातळ लावा, नाहीतर सुताचे तंतू चिकटून चापात चिकटा तयार होतो. निकेलचा मुलामा असलेल्या नगाला अमोनियाचं सॉल्व्हंट लावू नका, मुलामा सुटतो.

कोल्टचं टायमिंग शाबूत असेल आणि तुम्ही वर्षाकाठी मोजक्याच गोळ्या झाडणार असाल, तर ते घेण्यात चूक नाही. नियमित चालवायचं असेल तर मी वेब्लीच म्हणेन. दोन्हींत, पैसे देण्याआधी अंगावरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशी अंक न् अंक जुळवा. मग शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा.