मृत्युपत्र की भागीदारी : दुकान पुढच्या पिढीकडे सोपवताना

दुकान मुलांकडे सोपवायचे म्हटले की साधारण दोन वाटा समोर येतात : मालकी शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवून मृत्युपत्र करायचे, किंवा हयातीतच मुलाला अथवा मुलीला भागीदार करून घ्यायचे. (एलएलपीचाही, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेचाही, विचार केला होता; पण आमच्या उलाढालीला तिची दरवर्षीची विवरणपत्रे जड वाटली.)

मृत्युपत्र स्वस्त आणि सुटसुटीत आहे, हे मान्य करायला हवे. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, आणि मन बदलल्यास ते केव्हाही बदलता येते. ज्यांची मुले धंद्यात उतरतील की नाही हे अजून ठरलेले नाही, त्यांनी कदाचित हीच वाट धरावी.

माझे मत फिरले ते वडिलांच्या पश्चात. निफाडचे आमचे ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचे होते आणि जीएसटी क्रमांक त्यांच्या पॅनला जोडलेला, त्यामुळे तोही त्यांच्याबरोबरच संपला. मृत्युपत्र चोख होते. पण दिवस द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीचे होते, गोदामात लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळ्यांची, बंडले छतापर्यंत रचलेली, बागाईतदार पक्के बिल मागत काउंटरशी उभे, आणि बिल फाडायला माझ्याकडे क्रमांकच नव्हता. चालू खाते गोठलेले. नवा क्रमांक मिळून शिल्लक मालाचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ हा अर्ज भरून त्यावर येईपर्यंत हंगाम सरला.

भागीदारीतही नवा पॅन, नवा क्रमांक आणि तोच आयटीसी-०२ चुकत नाही. फरक इतकाच, की मुलीला भागीदार करून घेताना ते मी भर पावसाळ्यात, दुकान थंड असताना सवडीने केले. शिवाय सहीचा अधिकार मिळताच मुलीने मला न दिसलेली संधी हेरली. क्षारांनी तुंबलेल्या ड्रिपरची तक्रार घेऊन आलेल्याला मी नवी नळी विकत असे. तिने बागेवर जाऊन आम्लप्रक्रिया, म्हणजे नळ्यांतून सौम्य आम्ल सोडून क्षार काढणे, करून देण्याचे काम सुरू केले. तिला त्यासाठीच्या पंपाला माझी परवानगी लागली असती, तर मी ती दिली असती असे वाटत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे लिहिलेले नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. आणि भागीदार दोघेच असतील तर तसे कलम घालूनही उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणून आम्ही सौभाग्यवतींना ५ टक्क्यांच्या तिसऱ्या भागीदार केले. निबंधकांकडे नोंदणीही करावी, एरवी उधारीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. गाळा मी माझ्याच नावावर ठेवून संस्थेला भाड्याने दिला आहे, आणि त्याचे मात्र मृत्युपत्रच केले आहे.