रंगीत काचांच्या खिडक्यांची कारागिरी टिपायची, तर शिफ्ट लेन्स की टेलिफोटो?

रंगीत काचांच्या खिडक्यांचे फोटो काढायचे म्हटलं की पहिली धाव वाइड लेन्सकडे जाते. थोडे जास्त पैसे खर्चायची तयारी असेल तर शिफ्ट लेन्सकडे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर वर-खाली सरकवता येणाऱ्या लेन्सकडे, कारण तिच्यात उंच खिडकी मागे कललेली दिसत नाही. खिडकी वास्तूचा भाग म्हणून दाखवायची असेल तर हे बरोबरच आहे. पण ती घडवली कशी, हे दाखवायचं असेल आणि एकाच लेन्सपुरते पैसे असतील, तर माझं मत सरळ टेलिफोटोला, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला. १००-४०० मिलिमीटरची झूम असली की काम होतं.

आधी कारागिरी म्हणजे नेमकं काय टिपायचं ते बघू. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, दोन्ही बाजूंच्या खाचांत काच बसते आणि पट्ट्या जिथे मिळतात तिथे सोल्डरचा सांधा असतो. चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या काचेवर रंगवलेल्या असतात. लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड काचेच्या पुडीत मिसळून केलेला तपकिरी-काळा रंग लावायचा, मग भट्टीत भाजून पक्का करायचा. भाजण्याआधी काडीने किंवा सुईने तो खरवडून दाढीचा एकेक केस उजळ काढलेला असतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीच्या संयुगाने काच पिवळी करता येऊ लागली आणि एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा नि सोनेरी केस, मध्ये शिसं न घालता, शक्य झाले. जुनी लाल काच तर बहुतेक वेळा आरपार लाल नसतेच. तशी केली तर काळी दिसते, म्हणून बिनरंगी काचेवर लाल रंगाचा पातळ थर चढवत आणि पुढे तो थर खरवडून लालात पांढरी नक्षी काढत.

हे सगळं मिलिमीटरांतलं काम आहे, म्हणून थोडा हिशोब मांडतो. फुल-फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरचा), २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा धरा. २४ मिलिमीटरची शिफ्ट लेन्स लावून खिडकीपासून १० मीटरवर उभे राहिलात, तर फोटोतला एक पिक्सेल खिडकीवरचे सुमारे अडीच मिलिमीटर व्यापतो. सहा मिलिमीटर रुंदीची शिशाची पट्टी दोन-अडीच पिक्सेलांत संपते आणि सुईची रेघ उरतच नाही. याउलट ४० मीटर मागे जाऊन ४०० मिलिमीटरने २० मीटर उंचीवरचा भाग टिपलात, तर तिरकं अंतर ४५ मीटरच्या आसपास भरतं आणि एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी व्यापतो. चौपट लांब जाऊनही तपशील तिपटीहून जास्त मिळतो.

कोनाचा फायदा वेगळाच. १० मीटरवरून तोच भाग बघायला मान ६० अंशांहून जास्त वर करावी लागते, ४० मीटरवरून २७ अंश पुरतात. तीव्र कोनातून आडव्या पट्ट्यांच्या कडा काच झाकतात आणि चेहरे दबलेले येतात. सॉफ्टवेअरने फोटो ताणून सरळ करता येतो, पण ताणलेल्या भागात नवा तपशील कुठून येणार?

मागे सरकायलाच जागा नसेल तर मात्र शिफ्ट लेन्सला पर्याय नाही. पॅरिसच्या सेंट शापेल या प्रार्थनागृहाचं वरचं दालन, १२४८ साली अर्पण झालेलं, हे त्याचं उत्तम उदाहरण. सुमारे १५ मीटर उंचीच्या १५ खिडक्या, त्यांत १,११३ प्रसंग, आणि दालन अरुंद. इथे खिडकीचा बराचसा भाग सरळ उभा हवा असेल तर १२ मिलिमीटर सरकणारी २४ची लेन्स, कॅमेरा उभा धरून, १० मीटरवरून डोळ्यांच्या पातळीच्या वर साडेबारा मीटरपर्यंत पोहोचते. त्या खिडक्यांतले वरचे प्रसंग वाचायला मात्र टेलिफोटोच लागते. दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिरकं टिपावं लागलं तरी हरकत नाही.

ऊन की ढग?

इथे फार विचार करायला नको. ढगाळ दिवस निवडा. फरशीवर सांडलेले रंग हवे असतील तरच ऊन. उन्हात काचेमागची जाळी, झाड, समोरची भिंत यांच्या सावल्या नक्षीत मिसळतात, एखादा तुकडा भडकतो आणि त्याचा उजेड शेजारच्या शिशावर पसरून पट्टी बारीक दिसू लागते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी सोय, ऑटोवर ठेवू नका. निळ्याशार खिडकीला कॅमेरा दोष समजतो आणि रंग ‘दुरुस्त’ करायला जातो. एक्स्पोजर सर्वांत उजळ पांढऱ्या-पिवळ्या तुकड्यावर मोजा, कारण अंधाऱ्या भिंती बघून कॅमेरा काच जास्त उजळ करून जाळतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा असा सुटा बघा. एकत्रित आलेख ठीक वाटत असताना निळा रंग कधीच कापला गेलेला असतो.

आतून की बाहेरून?

लेन्सपेक्षाही हा निर्णय मोठा आहे, आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत. आतून, आरपार येणाऱ्या उजेडात रंग जिवंत होतात, पण शिसं निव्वळ काळी रेघ बनतं. त्याचा उठाव, सांध्यांचे फुगवटे, आधाराच्या लोखंडी सळया, काचेचा खडबडीतपणा, सगळं सपाट होतं. बाहेरून, पडत्या उजेडात, उलटं घडतं. काच जवळजवळ काळी, पण बांधणी पुरती उघडी. चांदीचा पिवळा थर सहसा काचेच्या बाहेरच्या अंगाला असतो, तोही कधी कधी इथूनच ओळखू येतो. रंगलेपाची आतली बाजू बघायची तर आतूनच, पण एका बाजूने अगदी तिरपा एलईडी दिवा टाकून. लेपाची जाडी आणि कुंचल्याचा ओघ त्यातच वर येतो. समोरून फ्लॅश मारलात तर रंगही जातो आणि उठावही. माझ्या मते एकाच चौकटीचे दोन फोटो, एक आरपार नि एक तिरप्या उजेडात, शेजारी ठेवले की खिडकी बनवणाऱ्याचं डोकं कसं चाललं ते कळतं.

टिफनी या अमेरिकी कलावंताच्या पद्धतीच्या दुधाळ काचेला हे अधिकच लागू. तिथे कापडासारख्या खऱ्या घड्या पाडलेली काच असते, मागेपुढे थर असतात आणि शिशाऐवजी अनेकदा तांब्याची पातळ पट्टी. फक्त आरपार उजेडात त्या घड्या नुसते डाग वाटतात.

बाहेरची अडचण एकच, पण त्रासदायक. अनेक जुन्या खिडक्यांवर संरक्षक काच लावलेली असते आणि तिच्यात आभाळ दिसतं. पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर, थोडं काम करतो, तेही खिडकीकडे बरंच तिरकं बघितलं तर. अगदी समोरून त्याचा काही उपयोग नाही.

ट्रायपॉडला परवानगी नसेल हे धरूनच चाला. लेन्समध्ये स्थिरीकरण हवंच, खांबाचा आधार घ्यायचा आणि पाच-सहा फोटो सलग काढून त्यांतला धारदार ठेवायचा. दगडी चौकट नि काच दोन्ही हवी असतील तर एकाच जागेवरून दोन एक्स्पोजर घेऊन हाताने जोडा. आपोआप होणारं एचडीआर, म्हणजे कॅमेऱ्यानेच अनेक एक्स्पोजर जोडणं, शिशाला राखाडी करतं आणि त्याभोवती उजळ कडा सोडतं. मोबाइल हेच न विचारता करतो, तेव्हा शक्य असेल तर ती सोय बंद करा, एक्स्पोजर लॉक करून खाली ओढा.

एखाद्या अरुंद दालनात अख्खी खिडकी हवीच असेल, तर शिफ्ट लेन्स दोन दिवस भाड्याने मिळते. झूम मात्र विकतच घ्या. ढगाळ सकाळ आणि मोकळी जागा कधी जुळून येईल ते आधी सांगता येत नाही.