आयनॅचरलिस्ट: ऐरोलीच्या खाडीवर सात महिने वापरल्यावर

मी ऐरोलीत राहते, नोकरी ठाण्याला. डिसेंबरपासून हे ॲप वापरतेय. दिसलेल्या जिवाचा फोटो तारीख-जागेसह टाकायचा, नाव सुचवायचं, मग जाणकार ते तपासतात. फुकट आहे, जाहिराती नाहीत.

ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, पण लोक येतात ते फ्लेमिंगो बघायला. मला जानेवारीत दिवा गावाच्या बाजूला ओहोटीला चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, दिसल्या. ॲपने सुचवलेलं पहिलंच नाव मी नीट न बघता दाबलं. दोन दिवसांनी माशांवर पीएचडी करणाऱ्या एका मुलाने विचारलं, "ताई, खाताना ती डोकं दोन्ही बाजूंना हलवते, की किड्यांवर झडप घालते?" निवट्यांच्या या दोन जाती-गटांपैकी बोलिओफ्थॅल्मस चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खाते, पेरिऑफ्थॅल्मस शिकार करते. माझ्या फोटोत पाठीवरचे पर मिटलेले होते, त्यामुळे नक्की सांगता येईना.

रविवारी ओहोटीची वेळ बघून पुन्हा गेले. अर्धा तास हलले नाही. निवटी केरसुणी फिरवावी तशी मान डावी-उजवीकडे नेत पुढे सरकत होती आणि ओल्या चिखलावर तिच्या तोंडाच्या खुणा उमटत होत्या. व्हिडिओ टाकायची सोय नाही, म्हणून ओळीने चार फोटो टाकले. नाव बदललं. शाळेत चुकलं की लाल रेघ मिळायची. इथे मला बघायला परत पाठवलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

जाणकारांचे मतभेदही सगळ्यांसमोर होतात. दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं नावावर एकमत झालं, की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. परवाना खुला ठेवला असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते आणि कुठलाही अभ्यासक वापरू शकतो. घराजवळचे फोटो टाकताना मात्र जागा धूसर करा. तो पर्याय निवडला की नेमका ठिपका न दिसता 0.2 अंशांच्या चौकोनात कुठेतरी दिसतो. खेकडे आणि आठ पायांच्या कोळ्यांची ओळख पटायला वेळ लागतो, माझे कितीतरी अजून नावाविना पडून आहेत. फोटो पोटाकडूनही काढत चला.

मग त्या पीएचडीवाल्या मुलाने विचारलं, तुमच्याकडे या माशाला काय म्हणतात? मी शेजारच्या कोळी काकांना फोटो दाखवला. "निवटी ती! भांगाला काय बघतेस, उधाणाच्या ओहोटीला जा, पाणी लांब जातं तेव्हा." भांग म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस. मी काकांचं बोलणं जसंच्या तसं कळवलं. आठवड्याने काकांनीच मला हाक मारली, "तुझ्या त्या पीएचडीवाल्याला विचार, आमच्या जाळ्यात चिवण्या का कमी झाल्या?"

त्याने उत्तर ठोकून दिलं नाही. उलट विचारलं, काका जाळं कुठे टाकतात, कोणत्या महिन्यात किती मिळतात, लिहून ठेवतील का? जूनपासून काका नातवाच्या जुन्या वहीत आकडे लिहितायत. दर रविवारी मी त्या पानाचा फोटो त्याला पाठवते.